रफिकचा खोटा खोकला

शहनाझने नवी कोरी सुटकेस पलंगावर उघडून ठेवली, तिच्याकडे जरा वेळ डोळे भरून बघितलं आणि नवऱ्याला बजावलं, "हिच्यात सोडे जाणार नाहीत. आत्ताच सांगून ठेवते."

"मी कुठे काय म्हणालो?" रफिक म्हणाला.

तो काही म्हणाला नव्हता हे खरंच. पण तीस वर्षांत त्यांच्या घरातली एक बॅग सोड्यांवाचून विमानात चढली असेल तर शपथ. गावाहून येताना सोडे, सुके बोंबील, कोकमं; गावाला जाताना खजूर, टँग, अत्तराच्या बाटल्या आणि कुणाकुणाची पार्सलं. गल्फमधल्या खोर फक्कानचा कोकणी माणूस विमानतळावर निघाला की गल्लीतली अर्धी माणसं "एवढं जरा घेऊन जाशील का" म्हणत दारात उभी. आणि सोड्यांचा वास एकदा बॅगेला लागला की बॅग मरते, वास मरत नाही.

रफिक खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर होता. जन्मभर त्याने लोकांचे कंटेनर जहाजांवर चढवले, स्वतः कधी चढला नाही. शहनाझच्या किचनच्या खिडकीतून त्या क्रेन दिसायच्या. भांडी घासता घासता तिने किती जहाजं निघून जाताना बघितली, त्याचा हिशोब नाही. आणि तिची सुट्टी म्हणजे काय, तर रत्नागिरी. नणंदेच्या मुलीचं लग्न, दिराच्या घराचा स्लॅब, कुणाची सुंता, कुणाचं बारसं. गल्फवाली आली म्हणून सगळे खूश, आणि गल्फवाली चुलीपुढे. "शहनाझ, चहा टाक गं." "शहनाझ, भाकऱ्या तुझ्याच हातच्या हव्यात बरं का." परत आली की तिला सुट्टीतून सुट्टी लागायची.

म्हणून त्यांच्या एमानने, अबुधाबीला बँकेत लागलेल्या लेकीने, अम्मी-अब्बांना युरोपच्या क्रूझची तिकिटं काढून दिली तेव्हा शहनाझने एकच प्रश्न विचारला. "तिथे आपलं कुणी नसतं ना?"

"नोबडी, अम्मी," एमान म्हणाली. "यू जस्ट सिट, अँड पीपल सर्व यू."

आपण नुसतं बसायचं आणि कुणीतरी वाढायचं. सात रात्री. शहनाझला रोम नको होतं, तो वाकडा मनोरा तर सरळ असता तरी नको होता. तिला ते बसणं हवं होतं.

आता ह्यात माशी शिंकली ती करोनाची. जोर ओसरला होता, बंदरावर लोक मास्क हनुवटीला लावून हिंडत होते, पण जहाजवाल्यांचा नियम कडक. बार्सिलोनाला जहाजात चढण्याआधी दोन दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट, शिवाय धक्क्यावर आणखी एकदा नाकात काडी. एक जरी पॉझिटिव्ह निघाला तर दोघंही घरी. एमानने फोनवर सांगितलं, "अम्मी, प्लीज, नो व्हिजिटर्स टिल द टेस्ट. नोबडी. आय ॲम सीरियस."

सीरियस असून काय उपयोग? रफिकच्या तोंडात तीळ भिजत नाही. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता त्याने चार जणांना सांगितलं आणि असरच्या नमाजापर्यंत गावभर झालं. आपल्या लोकांत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्याला भेटायला जायचं असतं. न जाणारा माणुसकी सोडलेला, आणि न भेटता निघणारा तर वाळीतच. भेटायचं म्हणजे लांबून हात हलवायचा नाही. गळ्यात पडायचं, पोरांना गालावर पापे द्यायला लावायचं, तीन तास बसायचं, आणि निघताना दाराशी पुन्हा पाऊण तास उभं राहायचं.

शनिवारी सकाळी शारजाहून मैमूनाआपांचा फोन आला. ह्या रफिकच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली म्हणून रफिकला ह्यांनीच वाढवला, ह्यांच्याच नवऱ्याने त्याला पहिला व्हिसा काढून दिला. त्यामुळे आपांचा शब्द घरात खाली पडायचा नाही.

"उद्या येतोय आम्ही," आपा म्हणाल्या. "दोन गाड्या आहेत. मुझम्मिल आहे, त्याची पोरं आहेत, धाकट्याला जरा शेंबूड आहे पण राहत नाही तो माझ्याशिवाय. तू काही करू नकोस हां. नुसती बिर्याणी टाक."

शेंबूड. शहनाझच्या डोळ्यांपुढे ती काडी आली, तो रिपोर्ट आला, आणि जहाज तिच्या खिडकीतून निघून जाताना दिसलं. तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाही नंतर खरं वाटेना.

"आपा, नका येऊ. ह्यांना झालाय."

"काय झालाय?"

"करोना."

समोर पेपर वाचत बसलेल्या रफिकने मान वर केली. शहनाझने त्याला डोळ्यांनी खोक म्हणून सांगितलं. त्याला कळेना. तिने फोन लांब धरून स्वतःच्या छातीवर हात आपटून दाखवला, तेव्हा कुठे रफिक खोकला. आता हा माणूस तीस वर्षं क्रेन चालवतो, टनाटनाचे लोखंडी डबे बोटाने उचलतो, पण साधं खोटं खोकता येईना. "खो," म्हणाला. मग थांबला, विचार केला, आणि पुन्हा म्हणाला, "खो, खो." शाळेच्या नाटकात मास्तरांनी बजावलं असावं तसा.

फोनवर आपा म्हणाल्या, "बरं. जपा त्याला. मी बघते काय करायचं ते."

"हे काय केलंस?" रफिकने फोन बंद झाल्यावर विचारलं.

"चार दिवसांचा प्रश्न आहे. टेस्ट झाली की तुम्ही बरे."

"इथे अफवा पसरवली तर दंड असतो, शहनाझ."

"मग पसरवू नका. गप घरात पडून राहा."

पसरवायची गरजच पडली नाही. आपांनी शारजात बसून खोर फक्कानमधला सगळा स्वयंपाक वाटून दिला. आज कुणी डबा द्यायचा, उद्या कुणी, सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहीर. त्याखाली आपांचा हुकूम: डबा दाराच्या मुठीला अडकवायचा, बेल वाजवायची आणि निघायचं. दार उघडायची वाट बघायची नाही, आत डोकावायचं तर नाहीच नाही. जो आत जाईल त्याने माझ्याशी बोलू नये.

आणि डबे सुरू झाले. तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. खिमा. मऊ खिचडी, कारण आजारी माणूस. मग कुणाला तरी वाटलं की आजारी माणसाला ताकद हवी, म्हणून बोकडाच्या पायांचं सूप. पलीकडच्या इमारतीतल्या स्मिता नेन्यांनी तुळस-मिरीचा काढा, मेतकूट-भात आणि मेतकुटाची जादा पुडी पाठवली, वर चिठ्ठी, 'भाऊजींना गरम गरम द्या.' भाऊजी गरम गरम घेत होते. बेल वाजली की रफिक आधी भोकातून बघायचा, पावलं लिफ्टकडे गेली की दार किलकिलं करून हात बाहेर काढायचा आणि डबा आत ओढायचा. दोन दिवसांत त्याचा चेहरा असा तुकतुकीत झाला की आजारी म्हणून फोटो पाठवायचीही सोय राहिली नाही.

शहनाझला मात्र घास गोड लागेना. चार दिवस तिने चूल पेटवली नव्हती, जन्मात प्रथम लोक तिला आयतं वाढत होते, आणि प्रत्येक डबा उघडताना तिला आपलं खोटं आठवत होतं. ग्रुपवर दुआंचा पाऊस. कुणीतरी लिहिलं, 'अल्लाह रफिकभाईंना शिफा देवो, शहनाझभाभीला सबर देवो.' तिने फोन उशीखाली सरकवला.

टेस्टला ते फुजैराला गेले, गावात कुणी बघायला नको म्हणून. दोघांनी मास्क, त्यावर काळे गॉगल, शहनाझने दुपट्टा कपाळापर्यंत ओढलेला. क्लिनिकमधल्या नर्सने दोघांकडे अशा नजरेने बघितलं की आता हे काय लुटायला आलेत. "नाकात काडी घालायचे शंभर दिरहॅम," बाहेर आल्यावर रफिक डोळे पुसत म्हणाला, "म्हणजे दोन हजार रुपये. गावाला गुदगुल्या फुकट मिळतात."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला फोनवर रिपोर्ट आला. दोघंही निगेटिव्ह. शहनाझने तो तीनदा वाचला, रफिककडून वाचून घेतला, आणि मग अगदी लहान पोरीसारखी पलंगावर बसकण मारून हसली. नव्या सुटकेसमध्ये तिने तिचे चार नवे ड्रेस घातले. तेवढ्यात मुझम्मिलचा फोन आला.

मुझम्मिल म्हणजे आपांचा मुलगा. शारजात ट्रॅव्हल ऑफिसात होता आणि क्रूझचं बुकिंग त्यानेच करून दिलं होतं. पोरगा सोन्यासारखा, फक्त उपकार करायची फार घाई.

"मामी, मामूंना कसं आहे? अम्मीने तुम्हाला फोन करायला सक्त मना केलंय, पण राहवेना. एक गुड न्यूज आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी तुमच्या कॅन्सलेशनची रिक्वेस्ट टाकली."

"कसल्या?"

"क्रूझच्या. करोना असेल तर फुल रिफंड आहे ना. मीच म्हटलं, मामू अंथरुणावर आहेत, मामींना कुठे ह्या गोष्टी सुचणार. आज संध्याकाळी कंपनी ओके करेल. मग खलास."

शहनाझने फोन स्पीकरवर टाकला. "ती मागे नाही घेता येणार?"

"आता कशाला मागे? घेता येते, पण मग दोघंही ठणठणीत आहेत असा रिपोर्ट लागेल. तो तुम्ही कुठून आणणार, मामी?"

तो रिपोर्ट ह्याच फोनमध्ये, तिच्या मांडीवर पडला होता.

"मी बरा झालो म्हणून सांग त्याला," रफिक कुजबुजला.

मुझम्मिलचे कान तिखट. "मामू बोलतायत का? मामू, अल्हम्दुलिल्लाह. पण बरे झालात तरी नाही चालत. बरं झाल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि त्याच्यासाठी आधी आजारी पडल्याचं लागतं. तुमचा तो पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे ना, तो पाठवून ठेवा."

शहनाझने "करते फोन" म्हणून तो बंद केला आणि बसली. काय अवस्था बघा बाईची. करोना होऊ नये म्हणून करोना झालाय सांगितलं, आणि आता करोना झाला नाही हे सिद्ध करायचं तर खोटं उघडं पडणार. मुझम्मिलला रिपोर्ट पाठवला की दहाव्या मिनिटाला आपांना कळणार. ज्या आपांनी गावभर डबे लावले, त्यांना. न पाठवला तर संध्याकाळी जहाज गेलं. पुन्हा कधी? पुन्हा नाहीच. रफिक आता साठीला आला, पुढच्या वर्षी व्हिसा संपला की गाव आणि गावातली चूल.

"राहू दे," रफिक हळूच म्हणाला. "आपाला वाईट वाटेल. नाही गेलो तर काय बिघडतंय?"

हे ऐकलं आणि शहनाझच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं ह्यांच्या बहिणीला वाईट वाटेल, भावाला वाईट वाटेल, चुलत्याला वाईट वाटेल, म्हणून काही बिघडलं नव्हतं. तिचं बिघडलेलं कुणी मोजलंच नव्हतं. तिने फोन उचलला आणि सरळ आपांना लावला. मुझम्मिलकडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं, एवढी लाज तिला होती.

"आपा, ह्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. मी खोटं बोलले."

आपा काही म्हणायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं.

"आम्हाला त्या क्रूझला जायचंय," शहनाझ म्हणाली. "मला जायचंय. सगळे भेटायला आले असते, पोराला शेंबूड होता, आणि मला कुणाला नको म्हणता येत नाही. कधी आलंच नाही. म्हणून आजारपणाचं सोंग काढलं. तुम्ही काय बोलायचं ते बोला."

"मला माहीत आहे," आपा म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"अगं, मी वाढवलाय त्याला. मदरशात जायचं नसलं की असाच खोकायचा. खो, मग थांबायचा, मग खो खो. खरा आजारी पडला की रफिक आवाज करत नाही, भिंतीकडे तोंड करून झोपतो. त्या दिवशी फोनवरच कळलं मला."

शहनाझने रफिककडे बघितलं. त्याने जमिनीकडे बघितलं.

"मग ते डबे?" तिने विचारलं.

"डबे लावले नसते तर बायका स्वतः आल्या असत्या. आत जाऊ नका म्हणून दम कशाला भरला मी? तू माझ्या घरी येतेस ती सरळ किचनमध्ये जातेस, शहनाझ. मी कधी म्हटलं नाही, बस. म्हणायला हवं होतं. तू पहिल्यांदा कुणाला तरी येऊ नका म्हणालीस. म्हटलं, चालू दे हिचं."

शहनाझचं नाक लाल झालं, डोळे वाहायला लागले, आणि बार्सिलोनात हेच नाक तपासणार आहेत हे आठवून ती आणखीनच रडली.

"फक्त मुझम्मिलला नाही सांगितलं," आपा म्हणाल्या. "त्याच्या पोटात काही राहत नाही. मामूवर गेलाय. त्याला आता मी बघते. तू तो रिपोर्ट पाठव, चल, यल्ला."

रिपोर्ट गेला. अर्ध्या तासाने मुझम्मिलचा मेसेज आला, 'मामी, सॉरी, डन', त्याखाली हात जोडलेले. आपांनी त्याला काय सुनावलं ते कधी कळलं नाही, पण पुढे कित्येक दिवस तो कुणाचं काही भलं करायच्या आधी विचारून घ्यायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी खाली हॉर्न वाजला. शहनाझने खिडकीतून बघितलं तर पार्किंगमध्ये आपांच्या दोन गाड्या. म्हाताऱ्या आपा बाहेर उभ्या, मास्क घातलेल्या, मागे सगळी फौज. तिने फोन केला, "वर या ना, आपा."

"नाही येत. धक्क्यावर पुन्हा तपासतात म्हणे. लिफ्टमध्ये एक पार्सल ठेवलंय, ते घे."

"कुणासाठी?"

"अगं, आपल्या हलिमाचा मुलगा राहिल तुमच्याच जहाजावर आहे, किचनमध्ये. पोराने किती महिने घरचं तोंडाला लावलं नाही. जास्त काही नाही. थोडे सोडे आहेत."

शहनाझने डोक्याला हात लावला. जिथे आपलं कुणी नसतं अशी जागा शोधत बाई समुद्रात गेली, तर तिथे हलिमाचा राहिल. रफिक दुसरीकडे बघून हसू दाबत होता, आणि ते दाबताना त्याला खराखुरा ठसका लागला. पण तिने ते सोडे घेतले. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर एक जुना टॉवेल, आणि तिने स्वतःच्या हाताने ते पार्सल नव्या सुटकेसच्या मधोमध, चार ड्रेसांच्या कुशीत ठेवलं. मग खिडकीशी जाऊन आपांना हात केला. खाली सगळ्यांनी हात केले. धाकटा शेंबूड पुसत होता.

बार्सिलोनाला धक्क्यावर पुन्हा काडी, पुन्हा डोळ्यांत पाणी, पुन्हा निगेटिव्ह. सामान तपासणाऱ्याने सुटकेस उघडली, टॉवेल उचलला, वास घेतला आणि अदबीने बंद केली.

पहिले दोन दिवस शहनाझ बसली. खरंच बसली. पांढरे हातमोजे घातलेली माणसं तिच्यापुढे ताटल्या ठेवत होती आणि उचलून नेत होती. पण जेवण म्हणजे काय, उकडलेला मासा, त्याला ना मीठ ना तिखट, त्यावर एक हिरवी काडी आडवी. काडी बघितली की तिच्या नाकात झिणझिण्या यायच्या. "छान आहे," ती रफिकला म्हणायची, आणि खोलीत जाऊन स्मिता नेन्यांनी दिलेलं मेतकूट पावाला लावून खायची. राहिलला शोधायला म्हणून विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. किचन सात होती.

तिसऱ्या संध्याकाळी डेकवर टेबलाशी ती समुद्राकडे बघत बसली होती. दूर एका बंदराच्या क्रेन दिसत होत्या आणि रफिक त्या कुठल्या कंपनीच्या ते सांगत होता. तेवढ्यात एक उंच, काळासावळा पोरगा, पांढरा कोट, डोक्यावर टोपी, टेबलाशी येऊन उभा राहिला.

"शहनाझमामी ना?" त्याने विचारलं. "मैमूनाआपांचा रोज फोन येतोय, भेटलास का, भेटलास का. आज जरा मोकळीक मिळाली."

तिने त्याला सोडे आणून दिले. त्याने पिशवी तिथेच उघडली, नाक आत घातलं, आणि बराच वेळ काढलंच नाही. मग पिशवी घेऊन आत गेला. तासाभराने परत आला तेव्हा हातात झाकलेलं पातेलं होतं. झाकण काढलं आणि त्या पांढऱ्याशुभ्र जहाजावर, हातमोजेवाल्या माणसांमध्ये, सोड्यांच्या खिचडीचा वास पसरला. पलीकडच्या टेबलावरच्या दोन गोऱ्या बायकांनी माना वळवल्या. खुशाल वळवोत.

पातेलं समोर आलं, चमचा दिसला, आणि तीस वर्षांच्या सवयीने शहनाझ उठली. "आण, मी वाढते. तू दमला असशील."

राहिलने चमचा मागे घेतला. "मामी, तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी वाढतो."

शहनाझ बसली.